लख्ख ताटली

लेकीची बुद्धी तल्लख व्हावी म्हणून मी तिला रोज मोठ्या माशाचा काप द्यायचे, काटे काढून, लाडीगोडी लावून. मी आतून पाणी घेऊन येईपर्यंत तिची ताटली चाटूनपुसून लख्ख झालेली असायची. शेजारी बसलेला नवरा म्हणायचा, "खाण्यात अगदी आईवर गेलीये."

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठ्या माशांत पारा जास्त साठतो. लहान मुलांच्या मेंदूला तो बाधतो." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तपासणीसाठी त्यांनी लेकीच्या केसांची एक बट कापून घेतली. रिपोर्ट येईपर्यंत मला घास गोड लागेना. आपल्याच हाताने लेकराला काय भरवत बसले मी, हेच डोक्यात घोळत होतं.

आज रिपोर्ट आला. पारा जवळजवळ नाहीच. डॉक्टरीणबाईही चक्रावल्या. "रोज मासे खाणारी मुलगी वाटत नाही हो ही. असो, निर्धास्त राहा." मी लेकीला घट्ट पोटाशी धरलं, तर तिचाच चेहरा रडवेला झालेला.



"आई, पण बाबाच्या डोक्यावर तर एकही केस नाहीये. त्याला कसं तपासणार?"