मोघम नवरा

चंद्रावरच्या खाणीतून हेरंब रोज चार ओळी लिहून पाठवी आणि इचलकरंजीच्या घरात यंत्रमानव त्या ओळी त्याच्या बायकोसमोर, कालिंदीसमोर, हेरंब होऊन करून दाखवी. तीन वर्षं हेरंबने मोघमच लिहिलं: ‘प्रेम दाखवतो’, ‘चौकशी करतो’. बाकीचं यंत्रमानव आपल्या अकलेने भरून काढी.

परतायला आठवडा उरला, तेव्हा कालिंदीला आपल्या खऱ्या वागण्याची सवय व्हावी म्हणून हेरंबने पहिल्यांदाच बारकाव्यांसकट लिहिलं. यंत्रमानवाने कान खाजवला, आमटी अळणी झाल्याचं सांगितलं आणि तिचं बोलणं अर्ध्यात तोडून पेपर उघडला.

“यंत्र बिघडलंय. दुरुस्तीवाल्याला बोलावते,” कालिंदीने कळवलं.

“अगं, बिघडलं नाही. ते मीच लिहिलंय. मी असाच आहे ना?”

“मग रोज शेजारी बसून ‘आज काय वाचलंस’ विचारायचा, तो कोण?”

हेरंबने जुन्या ओळी काढून पाहिल्या. तिथे फक्त ‘काहीतरी बोलतो’ होतं.

“कालिंदी, येऊ ना मी? की इथली मुदत वाढवून घेऊ?”

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून सत्तावीस पानं आली. पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं: ‘हेरंब दारात चपला काढतो. कालिंदीकडे बघतो. आधी तिला बोलू देतो.’