सम्राटाची भाची

माझी बायको गेल्यापासून सहा वर्षांच्या रुहीची वेणी मीच घालायचो. दुपारपर्यंत ती सुटायचीच.

२००४ सालच्या एका रविवारी आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयहून डेट्रॉइटला म्युझियम बघायला गेलो. रुही एका रोमन बाईच्या संगमरवरी पुतळ्यासमोर रेंगाळली. खाली लिहिलं होतं: सम्राटाची भाची. तिची एकुलती मुलगी लहानपणीच वारली.

मी पाणी पिऊन आलो, तर रुहीची घट्ट वेणी त्या बाईसारखीच डोक्याभोवती गुंडाळलेली.

“कुणी घातली गं?”

“शी डिड, बाबा. हात किती कोल्ड आहेत तिचे!”

पुतळा खांद्यांपाशीच संपत होता.

पुढच्या रविवारी मी खोबरेलाची बाटली पुतळ्यापुढे ठेवली. रुहीचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे मिटले.

बाटलीचं झाकण हळूच उघडल्याचा आवाज आला.