भरवशाचा पत्ता

टेकडीवरचा रेडिओ सातव्यांदा आपोआप बंद झाला आणि मिनिटभरात आपोआप सुरू झाला. खांबाच्या बुडाशी, सिमेंटच्या कट्ट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या इंजिनीअर मुलीने वहीत वेळ टिपली. अकरा वाजून चार मिनिटं.

असे चौदा रेडिओ होते. चौदा टेकड्यांवर चौदा खांब, आणि प्रत्येक खांबावर ऊनपाऊस सोसणारा एक पांढरा डबा. खालच्या दवाखान्यांना आणि शाळांना इंटरनेट पोचायचं ते त्यांच्यामार्फत. सोमवारी तिने त्या सगळ्यांवर नवीन फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आत चालणारा प्रोग्राम, चढवलं. सोमवारी दुपारपासून चौदाही डबे आचके देत होते. आज गुरुवार. साहेब चारला फोन करणार होते. तोवर दोष सापडला नाही तर तिचं फर्मवेअर गुंडाळून ठेवायचं आणि बाहेरून तयार डबे आणून बसवायचे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्या प्रोग्रामसाठी तिने दोन वर्षं डोळे फोडले होते.

तारवाले काका खांबावरून उतरले. बिनतारी रेडिओ बसवणाऱ्या माणसाला सगळे तारवाले काका म्हणत, आणि हा विनोद आहे हे आता कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी त्यांची बायको गेली, झोपेतच. रजा संपवून ते येईपर्यंत नवीन फर्मवेअरचं काम थांबवून ठेवलं होतं, कारण काही बिघडलंच तर खांबावर चढणारे तेच एकटे. सोमवारी सकाळी ते रुजू झाले आणि दुपारी डबे बिघडले. ऑफिसात कुणीतरी म्हणालंही, काकांचा पायगुण. काका म्हणाले, गुण कसला, नुसता दुखतो.

वर सगळं ठीक असल्याचं त्यांनी सांगितलं. वायर घट्ट होती, जोड कोरडे होते. ती मान डोलावत राहिली. तीन डब्यांवर तिने कालच जुनं फर्मवेअर परत घालून पाहिलं होतं. तेही तसेच बंद पडत होते. साहेब म्हणाले, तुझ्या नव्याने आत काहीतरी कायमचं बिघडवून ठेवलं असणार.

तिने वही काकांपुढे धरली. प्रत्येक दोन वेळांत सोळा मिनिटांचं अंतर होतं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

"बग इतका वक्तशीर नसतो, काका. याला कुणीतरी सांगून ठेवलंय."

ती सेटिंग्जची पानं एकेक करून उघडत गेली. फर्मवेअर बदललं तरी सेटिंग्ज तशाच राहतात, म्हणून तिकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शेवटच्या पानावर एक पहारा लावलेला होता. दर पाच मिनिटांनी रेडिओने नेटवर्कवरच्या एका ठरलेल्या पत्त्याला हाक द्यायची. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही, तर आपणच कुठेतरी अडकलोय असं समजून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. युक्ती चांगली होती. फक्त पलीकडचं यंत्र कायम चालू असायला हवं. म्हणून असा पत्ता सहसा ऑफिसचा देतात. हा ऑफिसचा नव्हता. तिने बसल्या जागेवरून दुसऱ्या टेकडीवरचा डबा उघडून पाहिला, मग तिसरा. चौदाही ठिकाणी तोच पत्ता.

तिने तो वाचून दाखवला आणि हे कुणाचं यंत्र म्हणून विचारलं. काका कमरेचा पट्टा सोडत होते. त्यांचा हात तसाच राहिला.

"आमच्या घरचं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी ऑफिसातलं यंत्र सारखं बंद पडायचं आणि त्याच्या पायी चौदाही डबे उगाच उठबशा काढायचे. म्हणून त्यांनी आपल्या घरातल्या इंटरनेटच्या डब्याचा पत्ता घालून टाकला, तात्पुरता. तात्पुरत्या गोष्टी राहून जातात, तसा तोही राहून गेला. या सोमवारी दुपारी ते घराला कुलूप लावून कंपनीच्या खोलीवर राहायला आले. निघताना मेन स्विच बंद केला. रिकाम्या घरात वीज कशाला.

चौदा पत्ते बदलायला दहा मिनिटंही लागली नसती. साहेबांना सांगते की माझंच काहीतरी चुकलं होतं, ते निस्तरलं, असं ती म्हणाली. काकांनी सध्या या भानगडीत पडू नये.

"आणि तुझीच चूक म्हणून उद्या तुझे डबे उतरवायला मीच चढू होय गं वर?" काका म्हणाले.

चार वाजायची वाट न पाहता त्यांनी स्वतःच साहेबांना फोन लावला. पोरीच्या कामात खोट नाही, चूक सहा वर्षांपूर्वीची आहे आणि ती आपली आहे, हे त्यांनी रजेचा अर्ज वाचून दाखवावा तसं सांगितलं. साहेब चिडले. त्यांचा आवाज फोनबाहेर तिलाही ऐकू येत होता. घरचा पत्ता कुणी देतं का, असं ते विचारत होते. तुमच्या घरची वीज काय कधी जातच नव्हती?

"जायची की, साहेब. दिवसाआड जायची. बायको उठून डबा बॅटरीवर टाकायची. ती गेल्यावर महिनाभर मीही टाकला, तिची सवय म्हणून. मी तिला एकदा म्हणालो होतो, याचा दिवा विझू देऊ नकोस." काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "सहा वर्षांत माहेरी राहायला गेली नाही. मी चिडवायचो, डब्याशी लग्न लावलंयस का म्हणून. तिला तसं का सांगितलं होतं, ते मीच विसरून गेलो होतो."