दाबाचे आकडे

मानेला चिकटवलेल्या चकतीतून भुजंगला झिणझिणी आली. साखर कारखान्यातला बॉयलर फुटल्याची हकिगत तो अकराव्यांदा सांगत होता. सांगताना मज्जातंतूला हलके झटके दिले की मेंदू त्या आठवणीतली भीती सोडून देतो, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. बाकीचे पेशंट पाच बैठकांत बरे झाले होते.

शेजारी हौसावहिनी त्याचा हात धरून बसल्या होत्या. त्या स्फोटात त्यांचा नवरा हणमंत गेला होता; तरी त्याच बॉयलरवर कामाला असलेल्या भुजंगला त्या दर आठवड्याला इथं घेऊन यायच्या.

"दाब एकदम चढला," भुजंग म्हणाला. मशीनच्या पडद्यावरची, भीती दाखवणारी रेघ थयथयाट करू लागली.

"दर वेळी रेघ इथंच उसळते, भुजंगराव," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "जे घडलंच नाही, त्याची भीती मशीन कशी काढणार? खरं काय ते सांगा."

भुजंग हौसावहिनींकडं वळला.

"मी दाबाचा काटा बघितलाच नव्हता, वहिनी. शिफ्ट लागताच आम्ही आठही तासांचे आकडे रजिस्टरात लिहून मोकळे व्हायचो. त्या दिवशीही तेच केलं. हणमंतानं विचारलं, तर रजिस्टर बघून म्हटलं, दाब ठीक आहे, जा तू भट्टीकडं."

रेघ पहिल्यांदाच शांत झाली.

हौसावहिनींनी आपला हात काढून घेतला.