पहिलीच्या बाकावरचा मेकॅनिक

"पुन्हा म्हणा," बाई म्हणाल्या. "जीभ वर वळवा."

मेकॅनिकनं जीभ वळवली. 'बाळ'चं पुन्हा 'बाल' झालं आणि पुढच्या बाकावरची चिमुरडी फिस्सकन हसली.

पन्नाशीचा गडी. अडकलेली लिफ्ट चुटकीसरशी सोडवणारा. पण शनिवारच्या या मराठीच्या वर्गात त्याची पुरती त्रेधा उडायची. बाक इतका बुटका, की गुडघे हनुवटीला टेकायचे. आजूबाजूला आईबापांनी मारूनमुटकून पाठवलेली पोरं, आणि तीसुद्धा त्याच्या पुढे.

"एरवी कुणाशी मराठीत बोलता का?" बाईंनी विचारलं.

"आईशी. म्हणजे ती बोलते, मी हो म्हणतो."

"समजत नसताना हो म्हणू नका. त्यानं भाषा येत नाही, नुसती मान दुखते."

तो चिडला, पण बाईंवर नाही. या परक्या मुलखात पोरगा शाळेत मागे पडू नये म्हणून आईवडिलांनी घरात मराठीच बंद करून टाकली होती. आई त्याच्याशी शाळेची भाषा बोलायची, मोडकीतोडकी, दुकानात चालवायची तीच. मराठीतलं फक्त 'बाळ' तेवढं राहिलं होतं. मग मेंदूला झटका आला आणि ती मोडकीतोडकी भाषा पुसली गेली. आता आईकडे फक्त मराठी होती, आणि ती त्याच्या डोक्यावरून जायची.

आई आहे तोवर तिच्याशी एकदा धड बोलायचं, एवढीच त्याची धडपड होती.

"मीच येते, अर्थ सांगते," बाई एकदा म्हणाल्या. त्यानं नाही म्हटलं. स्वतःच्या आईचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, हे त्याच्या जिवावर आलं.

रविवारी कामावरून तो तसाच आईच्या वृद्धाश्रमात जायचा, कामाच्या निळ्या डगल्यातच. त्याला पाहिलं की आईचा चेहरा खुलायचा. ती बोट दाखवायची: खिडकीची कडी, पलंगाचं चाक, अडकलेला ड्रॉवर. तो निमूटपणे दुरुस्त करायचा. बोलता येत नाही तर निदान एवढं तरी. काम झालं की ती दोन बिस्किटं पुढे करायची आणि उरलेली रुमालात बांधून उशीखाली ठेवायची. रात्री भूक लागत असेल, असं त्याला वाटायचं. मग ती दाराकडे बघत बराच वेळ बोलायची, डोळे पुसायची. तो हो, हो म्हणायचा आणि परतताना स्वतःलाच शिव्या घालायचा.

त्यानं हट्ट सोडला नाही. लिफ्टच्या छतावर बसून धडे घोकले. बायको कंटाळली, सोबतचे कामगार त्याला मास्तर म्हणून चिडवू लागले. आणि एका शनिवारी जीभ वळली.

"आलं की!" बाई ओरडल्या. चिमुरडीनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं हत्यारांची पेटी दाराबाहेरच ठेवली. आईसमोर खुर्ची ओढून बसला.

"आई, कशी आहेस? झोप लागते का? मी मराठी शिकलोय. तू बोल, आता मला सगळं समजतं."

आई बघतच राहिली. मग तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागली. एकही शब्द निसटला नाही. त्याला सगळं समजत होतं.

"अगंबाई, किती गोड बोलता हो तुम्ही! इतके दिवस मला वाटायचं, तुम्हाला मराठी येतच नाही." तिनं उशीखालचा रुमाल काढून त्याच्या हातात ठेवला. "ही माझ्या बाळासाठी ठेवली होती. घ्या, तुम्हीच घ्या. तो येईल एखाद्या दिवशी. त्याला मराठीचं एक अक्षर येत नाही हो, चूक माझीच आहे. तेवढं त्याला शिकवाल?"