पहिलं वाक्य

"बाबा, हवामान नको," मार्ना कॅमेऱ्यामागून म्हणाली. "परत घेऊ."

ऑरिननं हातातला लाकडी मासा टेबलावर ठेवला आणि सुस्कारा टाकला. गॅरेजमधल्या हीटरच्या घरघरीत तो कुणाला ऐकू गेला नाही. गेला असता तरी मार्नानं नंतर कापूनच टाकला असता.

"हवामान सोडून माणसाशी बोलायला सुरुवात तरी कशी करायची?"

"करायची. सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्या वाक्यात सांगायची, बाकीचं मागून. नाहीतर लोक निघून जातात."

"कुठं जातात?"

"दुसऱ्या कुणाकडं तरी. अंगठ्यानं सरकवलं की गेले."

उत्तर मिनेसोटात माणूस दारात आला की आधी थंडीचं बोलतो. मग कुठल्या रस्त्यानं आला ते, वाटेत कोण भेटलं ते, आणि कामाचं सांगतो ते अगदी निघता निघता. ऑरिन सत्तरी उलटेपर्यंत असाच बोलत आला होता. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून भाला घेऊन बसणाऱ्यांसाठी तो लाकडाचे मासे कोरायचा. ते पाण्यात नाचवले की खरा मासा बघायला वर येतो. कोरता कोरता तो गोष्टी सांगायचा आणि त्या ऐकायला लोक कॉफी गार होईपर्यंत बसायचे.

आता मार्ना त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायची. तिच्या लॅपटॉपवर मात्र तो बोलायला लागला की बघणाऱ्यांच्या आकड्याची रेघ घसरगाडीसारखी खाली यायची. गावचं वर्तमानपत्र बंद पडून तिची नोकरी गेल्यापासून घर याच रेघेवर चाललं होतं. ती दमली होती. बापावर ओरडून दमली होती, आणि ओरडल्याचं वाईट वाटून घेऊनही.

"बरं, मंगळवारी डॉक्टरकडं गेला होतात ना?" कॅमेऱ्याची बॅटरी बदलता बदलता तिनं विचारलं. "हाताचं काय म्हणाले?"

"हां. तर काय झालं, क्लोके गावाच्या पुढं रस्त्यावर बर्फाची नुसती काच. म्हटलं, जुन्या रस्त्यानं जाऊ. तर तिथं शेजारच्या हार्लनची गाडी खड्ड्यात. मी थांबलो. तो म्हणतो..."

"बाबा, उजेड जातोय. ते नंतर सांगा. आता डोळा रंगवा, मी जवळून घेते."

ऑरिननं बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि माशाच्या डोक्याशी नेला. टोक थरथरलं. डोळा राहिला बाजूला, गालावर काळा फराटा उठला.

"थंडीनं होतंय," मार्ना म्हणाली. "पुसा. परत घेऊ."

पुन्हा फराटाच. मग त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि कुंचला टेकवला.

"असं धरू नका ना. लोकांना वाटेल..." काय वाटेल ते तिनं सांगितलं नाही. तिनं डोळे चोळले. "जाऊ दे. आधी सुरुवात उरकून टाकू. एकच वाक्य, बाबा. ऐकणारा जागचा हलता कामा नये, असं."

"तसलं वाक्य आहे माझ्याकडं," ऑरिन म्हणाला.

"मग तेच बोला की! सकाळपासून कशाला छळताय मला?"

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. ऑरिननं डोक्यावरची टोपी सारखी केली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच थंडी, रस्ता, शेजारी असलं काही मध्ये न आणता तो बोलला.

"नमस्कार. मी ऑरिन लिंडाल. मला पार्किन्सन झालाय. पुढच्या हिवाळ्यात या हातांनी मासा कोरता येईल असं डॉक्टरांना वाटत नाही."

हीटर घरघरत राहिला. मार्नाचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला. ती कॅमेऱ्यामागून निघाली, रंगाची रिकामी बादली उलटी केली आणि बापासमोर बसली. तिची पाठ आता कॅमेऱ्यात येत होती. तिला त्याचं भान नव्हतं.

"बाबा..."

"थांब. तू सांगितलंस तसं मोठं ते आधी सांगून झालं," ऑरिन म्हणाला. "आता पहिल्यापासून सांगतो. जाणार नाहीस ना?"