पुढची तारीख

"दहा हजार रुपये दंड. न भरल्यास दोन महिने साधी कैद."

साहेबांनी एका दमात वाचलं आणि पुढच्या केसकडं हात लांबवला. पिंजऱ्यात उभ्या कृष्णातला काहीच वाटलं नाही. कुणी एसटीचा फलाट सांगावा तसं त्यानं ते ऐकलं. विजयसिंह वकिलांनी मात्र त्याची पाठ थोपटली. "सुटलास गड्या! जिवावरचं शेपटावर निभावलं." आता ज्याचा जीव जायचा त्याचा कधीच गेला होता, पण वकिलाला कोण सांगणार?

गेली ती प्रीती, कृष्णातची बायको. दोन वर्षांपूर्वी कागलहून, माहेराहून, ती त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून हुपरीला परत येत होती. रस्त्यात नवाच गतिरोधक केलेला, त्यावर पांढरे पट्टे ओढायचे राहून गेलेले. गाडी उडाली, सावरली, पुढं निघाली. कृष्णात पैंजणाच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाचा किस्सा सांगत होता आणि किस्सा ऐन रंगात आला होता. बराच वेळ मागून 'हूं' आलं नाही म्हणून त्यानं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

पोलिसांनी गुन्हा त्याच्यावरच नोंदवला. गाडी चालवणारा तोच, मग दुसरा कोण? "बायको गेली ती गेली, वर आरोपी बी ह्योच! दुष्काळात तेरावा म्हैना," असं लोक म्हणायचे. तो पैंजणाला घुंगरू जोडता जोडता ऐकायचा. त्या दिवसापासून त्याला धड भूक लागली नव्हती, राग आला नव्हता आणि रडू तर नाहीच नाही. साक्षीदार फुटतील, तू निर्दोष सुटशील, असं वकील कानीकपाळी ओरडत होते. त्यानं आज उठून सरळ गुन्हा कबूल केला. कुणीतरी एकदा शिक्षा द्यावी आणि मिटवून टाकावं, एवढंच त्याला हवं होतं.

मिटत नव्हतं ते सासूमुळं. यल्लव्वाचा नवरा आधीच वारलेला, प्रीती एकुलती एक लेक, आणि प्रीतीला मूलबाळ नव्हतं. दिवस झाले, वर्ष उलटलं, तरी ही बाई दुखवटा काढायला आली नाही. आपल्याकडची रीत काय सांगायला हवी का? सासरवाडीनं नवी कापडं घेऊन यायचं, जावयाच्या डोक्यावर टोपी ठेवायची, गोडाचा घास भरवायचा. तेव्हा कुठं तो पुन्हा चार माणसांत येतो, दुसरा संसार मांडायला मोकळा होतो. यल्लव्वानं त्यातलं काहीही केलं नाही. कोर्टाची तारीख मात्र तिनं एकही चुकवली नाही. कागलहून एसटीनं यायची, डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर बसायची, जावयाकडं टक लावून बघायची आणि अवाक्षर न बोलता निघून जायची.

"म्हातारी तुला आत गेल्याला बघितल्याबिगार मरायची न्हाय बघ," कृष्णातचा भाऊ अतुल म्हणायचा. कृष्णातला ते पटलं होतं. त्यात तिचं काही चुकतंय असंही त्याला वाटत नव्हतं.

दंडाचे पैसे त्यानं आणलेच होते. खिशातून त्यानं पाकीट बाहेर काढलं.

"सायेब, थांबा जरा!"

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. यल्लव्वा उभी राहिली होती. बाक धरून, पण ताठ.

"आज दंड घिऊ नगासा. मुदत द्या त्यास्नी."

"तुम्ही कोण, आजी?" साहेबांनी विचारलं.

"मेल्याल्या पोरीची आई हाय."

साहेबांनी हातातली केस खाली ठेवली. मग समजुतीनं म्हणाले, "मुदत हवी असेल तर ती आरोपीनं मागायची असते." आणि त्यांनी कृष्णातकडं बघितलं.

वकिलांनी त्याचं कोपर दाबलं. "भर आणि हो मोकळा! म्हातारी डूख धरून बसलीय, कळत नाही होय तुला?"

कृष्णातला कळत होतं. टांगून ठेवायचंय तिला आपल्याला. ठेवू दे. दोन वर्षांत तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. त्यानं पाकीट परत खिशात घातलं.

"मुदत पायजे, सायेब."

साहेबांनी मान हलवली. तीस दिवसांची मुदत मिळाली, हमीच्या कागदावर सही झाली. वकील कपाळावर हात मारून पुढच्या अशिलाकडं गेले.

बाहेर जिन्यापाशी यल्लव्वा थांबली होती. एरवी ती कधी थांबायची नाही. कृष्णात तिच्यासमोर जाऊन मान खाली घालून उभा राहिला.

"आत्ती, पैसं हुतं की माझ्याजवळ."

"दिसलं मला."

"मग? अजून किती दिस टांगून ठेवणार हाईसा? एकदाच काय त्या शिव्या घाला, थोबाडीत मारा, आन मिटवा की." हे बोलतानाही त्याचा आवाज चढला नाही. दुसऱ्या कुणाचं तरी गाऱ्हाणं मांडावं तसा तो बोलत होता.

यल्लव्वानं पदर तोंडाशी धरला, मग सोडला.

"तुमाला शिव्या घालून माझी पोर माघारी येती व्हय? दुखवटा काढला असता तर तुमी मोकळं झाला असतासा. आज दंड भरला असता तरी मोकळं." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिचं म्हणून बघायला मला तुमच्याबिगार कोण ऱ्हायलंय? तुमी मोकळं झाल्यावर मी कुणाच्या तारखेला येऊ, पावणं?"